अझहर, नरसिंग, अंकित : खेळाडूच्या नावाला डाग लागतो तेव्हा नेमकं काय घडतं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही मुस्लिम घरात चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसमोर मोहम्मद अझहरुद्दीनचं नाव काढा, लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "बिचाऱ्याला अडकवलं." दुसरा म्हणतो, "पैसे खाल्ले, विषय संपला." गंमत अशी की दोन्ही गटांना तारखा आठवत नाहीत, कोणी काय निष्कर्ष काढला हे आठवत नाही आणि कोर्टात शेवटी काय झालं तेही नीट माहीत नसतं. मग नवी पिढी मोबाइलवर अर्धवट व्हिडिओ बघते आणि तेच खरं मानते. म्हणून अझहर आणि आपल्या राज्यातल्या आणखी दोन खेळाडूंची प्रकरणं, त्यातल्या शब्दांचे अर्थ आणि निकाल इथे एकत्र दिले आहेत.

हैदराबादचा अझहर आणि आपण

किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. आजही इथून सीमा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा, आणि इथल्या बऱ्याच घरांचं सोयरं-धायरं तिकडचं. त्यामुळे हैदराबादचा मुलगा भारताचा कप्तान झाला तेव्हा आपल्याकडे तो घरचाच वाटला.

त्याचा खेळही तसाच होता. जन्म ८ फेब्रुवारी १९६३ चा. ३१ डिसेंबर १९८४ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली आणि त्यात त्याने ११० धावा केल्या. पुढे चेन्नईत १०५, कानपूरला १२२. पहिल्या तिन्ही कसोटींत शतक हा विक्रम आजवर दुसऱ्या कोणाला जमलेला नाही. ९९ कसोटींत ६,२१५ धावा आणि २२ शतकं. ३३४ एकदिवसीय सामन्यांत ९,३७८ धावा. १९९२, १९९६ आणि १९९९ अशा तीन विश्वचषकांत तो कप्तान होता. १९८६ ला अर्जुन पुरस्कार, १९८८ ला पद्मश्री. मनगटाच्या नुसत्या वळणावर ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू तो लेगला फिरवायचा. गल्लीतल्या पोरांनी ते करायला जाऊन किती वेळा दांडी गुल करून घेतली असेल, सांगता येत नाही.

२००० साली काय झालं?

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिए आणि एका सट्टेबाजाचं फोनवरचं बोलणं पकडल्याचं जाहीर केलं. आधी नाही-नाही म्हणणाऱ्या क्रोनिएने चारच दिवसांत पैसे घेतल्याचं कबूल केलं. दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती किंग यांचा आयोग बसला. त्यापुढे क्रोनिएने सांगितलं की १९९६ मध्ये कानपूरला एका बुकीशी आपली ओळख अझहरने करून दिली. अझहरने हे नाकारलं.

इकडे भारत सरकारने सीबीआयकडे तपास दिला. १ नोव्हेंबर २००० रोजी अहवाल बाहेर आला. सामने फिक्स करण्यासाठी अझहरने बुकींकडून पैसे घेतले, असा सीबीआयचा निष्कर्ष होता. बोर्डानेही सीबीआयचे माजी अधिकारी के. माधवन यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली. ५ डिसेंबर २००० रोजी बोर्डाने अझहरुद्दीन आणि अजय शर्मा यांच्यावर आजन्म, तर अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली.

अझहरची शेवटची कसोटी त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूला झाली होती आणि दुसऱ्या डावात त्याने १०२ केले होते. पहिल्या कसोटीत शतक, शेवटच्या कसोटीत शतक. शंभरावी कसोटी मात्र कधी आलीच नाही.

२०१२ चा निकाल : काय म्हणतो, काय म्हणत नाही

अझहर कोर्टात गेला. हैदराबादच्या दिवाणी कोर्टात हरला, पण ८ नोव्हेंबर २०१२ रोजी आंध्र प्रदेश हायकोर्टाने बोर्डाची बंदी बेकायदा ठरवून रद्द केली. बारा वर्षं गेली होती. अझहर तेव्हा ४९ वर्षांचा होता, त्यामुळे खेळाडू म्हणून त्या निकालाचा त्याला काही उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हायकोर्टापुढचा प्रश्न बोर्डाने घातलेली बंदी कायद्याला धरून आहे की नाही, हा होता. अझहरवर मॅच फिक्सिंगचा फौजदारी खटला कधी चाललाच नाही. म्हणजे कुठल्या फौजदारी कोर्टाने त्याला दोषी धरलं नाही आणि त्याच्यावरची बंदीही टिकली नाही, हे खरं. सीबीआयने उलट निष्कर्ष काढला होता, हेही खरं. "कोर्टाने सोडलं" एवढंच सांगणारा अर्धं सांगतो, आणि "सीबीआयने पकडलं" एवढंच सांगणाराही अर्धंच सांगतो.

पुढे अझहर २००९ मध्ये मुरादाबादमधून खासदार झाला, २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेलंगणाचा मंत्री. २०१६ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमाही आला. आजची बरीच मुलं तो सिनेमा बघूनच मत बनवतात. सिनेमा म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना सांगायला हवं.

"मी अल्पसंख्याक म्हणून…"

आरोप झाले त्या दिवसांत अझहर असं बोलून गेला की आपण अल्पसंख्याक असल्यामुळे लक्ष्य केलं जातंय. त्यावर मोठी टीका झाली, मुस्लिमांनीही केली, आणि नंतर त्याने ते बोलणं मागे घेतलं.

हा मुद्दा आपल्या घरांत अजून निघतो, म्हणून सरळ बघू. बोर्डाने ज्या चार खेळाडूंवर बंदी घातली त्यांत मुस्लिम एकच होता. जडेजाला २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टातून दिलासा मिळाला, तो अझहरच्या नऊ वर्षं आधी. पण जडेजाची बंदी पाच वर्षांची, अझहरची आजन्म. अझहरइतकीच शिक्षा अजय शर्मालाही झाली आणि त्याला दिल्लीच्या कोर्टातून दिलासा मिळायला २०१४ उजाडलं, म्हणजे अझहरच्याही नंतर. तारखा बघितल्या तर धर्मावरून शिक्षा ठरली असं दिसत नाही.

दुसरी बाजूही आहे. त्या वेळी काही लोकांनी एका माणसावरचा आरोप सगळ्या कौमवर ढकलला. शाळेत, नोकरीत, चहाच्या टपरीवर टोमणे ऐकलेली माणसं अजून आहेत. जडेजा किंवा प्रभाकरसाठी कोणी त्यांच्या जातीला जाब विचारला नाही. तेव्हा अझहरची बाजू घेताना आपल्यातले बरेच जण खरं तर स्वतःची इज्जत सांभाळत होते. ते समजण्यासारखं आहे. पण एका खेळाडूचा हिशेब त्याचा त्याला देऊ द्यावा. त्याच्या शतकांनी आपली इज्जत वाढत नाही आणि त्याच्यावरच्या डागाने ती जातही नाही.

डाग मागे-मागे जातो

नाव एकदा खराब झालं की जुने सामनेही संशयात येतात. १३ मार्च १९९६ ची ईडन गार्डन्सवरची विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा. अझहरने टॉस जिंकून श्रीलंकेला आधी फलंदाजी दिली. श्रीलंकेचे २५१ झाले. भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. रडत मैदानाबाहेर जाणारा विनोद कांबळी सगळ्या देशाने पाहिला. पंधरा वर्षांनी, २०११ मध्ये, कांबळीने टॉसच्या त्या निर्णयावर शंका घेतली. अझहरने ती साफ धुडकावली आणि निर्णय सगळ्या संघाचा होता असं सांगितलं. कांबळीच्या शंकेतून पुढे काहीही सिद्ध झालं नाही. पण दुसऱ्या एखाद्या कप्तानाचा असा निर्णय "चुकला" म्हणून विसरला गेला असता. अझहरच्या बाबतीत लोक आजही त्यात काळंबेरं शोधतात.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं

नरसिंग यादव : मुंबईत वाढलेला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी असलेला हा पैलवान २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक घेऊन त्याने रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. सुशील कुमारने चाचणी कुस्तीची मागणी केली, ती दिल्ली हायकोर्टाने फेटाळली. त्यानंतर थोड्याच दिवसांत नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. देशातल्या उत्तेजकविरोधी समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी ते मानून त्याला मोकळं केलं. जागतिक संस्थेने त्याविरुद्ध अपील केलं आणि १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. २०२० मध्ये बंदी संपल्यावर तो पुन्हा मॅटवर उतरला, पण ऑलिंपिकची ती संधी गेली ती गेलीच.

अंकित चव्हाण : मुंबईचा डावखुरा फिरकीपटू. १६ मे २०१३ रोजी आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी त्याला श्रीशांत आणि अजित चंडिला यांच्याबरोबर अटक केली. सप्टेंबरमध्ये बोर्डाने अंकित आणि श्रीशांतवर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. तरीही बोर्डाची बंदी चालूच राहिली. २०२१ मध्ये ती सात वर्षांवर आणली गेली, म्हणजे तोवर संपलेलीच होती.

हे शब्द वेगळे ठेवा

मॅच फिक्सिंग म्हणजे अख्ख्या सामन्याचा निकाल आधी ठरवणं. स्पॉट फिक्सिंग म्हणजे एखादा नो-बॉल किंवा एखाद्या षटकातल्या धावा ठरवून देणं. सामना कोणीही जिंको. डोपिंग म्हणजे बंदी असलेलं औषध शरीरात सापडणं. यात नियम फार कडक आहे : शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच. "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, कसं गेलं ते त्यालाच दाखवून द्यावं लागतं. नरसिंग इथेच अडकला.

आरोपमुक्त होणं म्हणजे खटला चालवण्याइतका आधार नाही असं कोर्टाने म्हणणं. निर्दोष सुटणं म्हणजे खटला चालून सुटणं. बोर्डाची बंदी ही संस्थेची शिस्तभंगाची कारवाई असते आणि तिला कोर्टाइतका कडक पुरावा लागत नाही. शिवाय मॅच फिक्सिंगसाठी आपल्या देशात वेगळा फौजदारी कायदा नाही. म्हणून एकच माणूस कोर्टात सुटतो आणि मैदानावर मात्र बंद राहतो.

चूक केलेला आणि न केलेला

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. पाकिस्तानचा मोहम्मद आमिर. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशासाठी मुद्दाम नो-बॉल टाकले तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला, पाच वर्षं क्रिकेटबाहेर राहिला. २०१६ मध्ये परतला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये भारताचे पहिले तीन फलंदाज त्यानेच बाद केले. त्याचा गुन्हा पुसला गेला नाही. पण कबुली दिली, शिक्षा भोगली आणि मग पुढे गेला.

दुसरा आपला मोहम्मद शमी. मार्च २०१८ मध्ये त्याच्यावर फिक्सिंगचा आळ आला. बोर्डाच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाने चौकशी केली, काही आढळलं नाही आणि त्याच महिन्यात त्याचा करार कायम झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध भारत हरला तेव्हा धर्मावरून त्याला शिव्या घातल्या गेल्या. ते प्रकरण तर आरोप म्हणण्याच्याही लायकीचं नव्हतं, तो निव्वळ द्वेष होता, आणि कप्तान विराट कोहलीने ते जाहीरपणे बोलून दाखवलं. २०२३ च्या विश्वचषकात शमीने सात सामन्यांत २४ बळी घेतले. तेव्हा त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आळ खरा असू शकतो, खोटाही असू शकतो. नाव बघून ते कळत नाही, तपासूनच कळतं.

घरात मुलांशी बोलताना

वर्गात मुलं विचारतात, "सर, तो चोर होता का?" हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देऊ नये. आधी विचारावं : हे कोण म्हणतंय? पोलीस, बोर्ड, कोर्ट की यूट्यूब? खेळाडूने काय उत्तर दिलं? शेवटचा निकाल कोणत्या साली लागला? एवढे प्रश्न विचारायची सवय लागली की मुलगा उद्या शेजाऱ्यावरचा आळही ऐकल्या-ऐकल्या खरा मानणार नाही.

दुसरं, सट्टा. फिक्सिंगच्या प्रकरणांच्या मुळाशी पैसे लावणारा माणूस आहे. तो नसेल तर बुकी नाही, आणि बुकी नसेल तर नो-बॉलला भाव नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी आयपीएलच्या दिवसांत पोरांच्या मोबाइलमध्ये काय चाललंय याची खबर घरच्यांनीच ठेवायची असते. पन्नास रुपये लावणारा पोरगा अझहर-अंकितला नावं ठेवत असेल, तर त्याला जवळ बसवून ही साखळी समजावून सांगा.

तिसरं, मुलाला खेळाडू आवडतो तर आवडू द्या. त्याची बॅटिंग बघावी, मेहनत बघावी, वेळेवर सरावाला जाणं बघावं. पण चांगल्या चालीचा नमुना हवा असेल तर तो पोस्टरवर शोधू नये. रोज ज्याचं वागणं मुलाच्या डोळ्यांसमोर आहे असा माणूस दाखवावा : पहाटे दुकान उघडणारे अब्बा, हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे न करणारे चाचा. त्यांच्या नावावर एकही शतक नसेल, पण त्यांच्याबद्दल मुलाला कधी सीबीआयचा अहवाल वाचावा लागणार नाही.