घाटवाटेवरच्या तट्टांची शुश्रूषा

बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने महाडला आलेला माल वरंध घाटाने किंवा पोलादपूरमार्गे पार घाटाने देशावर चढत असे. ही वाहतूक पाठाळ जनावरांच्या जिवावर चाले: बरेचसे बैल आणि त्यांच्या जोडीला तट्टे. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतले भीमथडी तट्टू चणीने लहान, पण काटक. अरुंद चढणीला ते उंच घोड्यापेक्षा सरस.

कोकणची हवा मात्र घोड्याच्या जातीला मानवत नाही. पावसाळाभर चिखलात उभे राहून खूर मऊ पडतो आणि तळव्याकडून सडू लागतो. खोगीर नीट बसले नाही की पाठ सोलवटते, ती बरी होण्याआधीच पुन्हा ओझे चढते. गोमाशीच्या चाव्यातून सर्रा हा रोग पसरतो. जनावर तापाने झिजत जाते. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये शोधला आणि पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी त्यावर संशोधन केले.

थकलेल्या जनावरांना आसरा मिळाला तो मुंबईत. १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली, १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. घाटात लंगडे झालेले तट्टू तिथवर पोहोचणे अवघडच होते.

अशा ओझ्यातून सोडवून आणलेल्या उपाशी तट्टापुढे लगेच तोबराभर चंदी ठेवणे ही दयेपोटी होणारी सर्वांत घातक चूक. उपासमारीत लहान चणीच्या घोड्यांच्या अंगातली चरबी रक्तात उतरून यकृतावर साचते. त्यात एकदम धान्य पडले तर पोटशूळ उठतो, खुरांचा दाह होतो. म्हणून आधी सुके गवत, थोडे थोडे आणि दिवसातून अनेकदा. दाढा झिजलेल्या म्हाताऱ्या जनावराला भिजवलेला मऊ चारा लागतो. खूर दीड-दोन महिन्यांनी तासावे लागतात.

१९६५ च्या केंद्रीय नियमांनी तट्टाच्या पाठीवरचे ओझे ७० किलो आणि दिवसाचे काम नऊ तासांपर्यंत मर्यादित केले. तोवर महाड-पोलादपूरची मालवाहतूक मोटारींकडे गेली होती. रायगड जिल्ह्यातच माथेरानला मात्र वाहनबंदीमुळे घोड्यांच्या पाठीवरून सामान अजून वर जाते. तिथे वाहने थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर ओझे तोलायला काटा असला, तर बरीच जनावरे दवाखान्यात जाण्याआधीच वाचतील.