अडीच फुटांची रेल्वे आणि लातूरचा माल

व्यापारांतील नासाडी म्हटली म्हणजे सांडलेलें धान्य आणि भिजलेला कापूस हींच डोळ्यांपुढें येतात. परंतु वाहतुकीचा हिशेब ज्यांनीं बारकाईनें पाहिला आहे त्यांना ठाऊक असतें कीं, खरी नासाडी बहुधा दिसत नाहीं. गाडीचें स्वतःचें वजन ओढण्यांत जळालेला कोळसा, आणि एका गाडींतून दुसरींत माल चढवीपर्यंत वाया गेलेला वेळ, हे दोन्ही खर्च मालाच्या किंमतींत मुकाट्यानें मिसळून जातात. लातूरच्या रेल्वेचा इतिहास हा या दोन खर्चांच्या झगड्याचा इतिहास आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत शिरला. त्या कंपनीचा मुंबई-मद्रास मार्ग बार्शीची पेठ बाजूला टाकून कुर्डुवाडीवरून गेला होता. कुर्डुवाडीच्या स्थानकाचें नांवच मुळीं ‘बार्शी रोड’ असें होतें. बालाघाटाच्या मुलखांतला कापूस व गळिताचें धान्य तेथवर यावयाचें तें बैलगाडीनें. १८९५ सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्यें स्थापन झाली, आणि १८९७ मध्यें कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर गाड्या धांवूं लागल्या.

कॅलथ्रॉपचा विचार साधा व कठोर होता. रूळ जितका भार सोसतो तितकाच भार त्यावरील प्रत्येक आंसानें द्यावा. कमी नको, अधिकही नको. एकट्या इंजिनासाठीं रूळ जाड करावयाचे आणि मागचे डबे मात्र अर्धेमुर्धे भरून न्यावयाचे, हें त्याला पैशाचें दहन वाटे. म्हणून त्यानें आंसामागें पांच टनांची मर्यादा घातली. रुळांमधील अंतर अडीच फूट आणि रूळ यार्डास अवघे तीस पौंड. लीड्स येथील किट्सन कारखान्यानें बांधलेल्या इंजिनांस आठ जोडचाकें देण्यांत आलीं, तीं भार विभागला जावा म्हणूनच. मालडबे ठोकीव पोलादाचे, आणि त्यांच्या सांगाड्यांची लांबी एकच. निर्जीव वजन घटवून मालाचें वजन वाढवावयाचें, हा त्यामागील हिशेब.

या काटकसरीमुळेंच रेल्वे १९११ सालीं निजामाच्या राज्यांतील लातुरास पोंचूं शकली. भारी रुळांच्या खर्चाची वाट पाहत बसलें असतें तर तें भाग्य लातुरास कधीं लाभतें, कोण जाणे! पंढरपूर १९०६ सालीं आणि मिरज १९२७ सालीं याच अडीच फुटांच्या मार्गानें जोडलें गेलें.

परंतु जो खर्च कॅलथ्रॉपनें रुळांवर वांचविला, तो कुर्डुवाडीच्या फलाटावर दुसऱ्या रूपानें उभा राहिला. लातूरची गाठ मुंबईस जावयाची तर कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या डब्यांत चढवावी लागे. परत येणाऱ्या मालाचीही तीच गत. हमाली, विलंब, फुटलेलीं पोतीं यांचा भुर्दंड अखेर पेठेवर आणि शेतकऱ्यावर पडणार. कॅलथ्रॉपला ही अडचण ठाऊक नव्हती असें नव्हे. इंग्लंडांत १९०४ सालीं सुरू झालेल्या लीक-मॅनिफोल्ड या त्याच्याच अडीच फुटी मार्गावर, मोठ्या रुळांचे डबे जसेच्या तसे पाठीवर घेऊन जाणाऱ्या गाड्या त्यानें वापरल्या होत्या.

नांदेडची कथा आणखी विचित्र. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेनें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तेथें मीटर रुंदीचे रूळ आणले. त्यामुळें नांदेडच्या मालास मनमाडला गाडी बदलणें आलें. एकाच राज्यांतील हीं दोन शेजारचीं शहरें. परंतु एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालेना, आणि मुंबईच्या रुळांवर तर दोहोंचाही चालेना. जपानांतील टोयोटा कारखान्याचे ताइइची ओनो यांनीं पुढें उद्योगांतील नासाडीचे सात प्रकार सांगितले. त्यांतील निष्कारण ने-आण आणि ताटकळणें हे दोन समजून घेण्यास मराठवाड्याला जपानांत जाण्याची गरज नव्हती.

सरकारनें १९५४ सालीं बार्शी लाइट रेल्वे ताब्यांत घेतली, तरी रूळ तेच राहिले. नांदेडचा मनमाड मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुंद झाला. लातूर-उस्मानाबाद हा टप्पा २००७ मध्यें व पुढें कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्यें पुरा झाला.

त्याचा अर्थ काय, हें २०१६ च्या उन्हाळ्यांत कळलें. मांजरा धरण आटलें, लातूरचे नळ कोरडे पडले. राजस्थानांतील कोटा येथें स्वच्छ केलेले टांकीचे डबे मिरजेस आणण्यांत आले. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी लातुरास आली. तिला दहा डबे होते, आणि प्रत्येक डब्यांत सुमारें ५० हजार लिटर पाणी होतें. पुढें पन्नास डब्यांची गाडी होऊन एका खेपेस २५ लाख लिटर येऊं लागलें. नळानें भरावयाचें आणि नळानेंच रितें करावयाचें. मध्यें हमाल नाहीं, बदली नाहीं. मिरज-लातूर ही वाट जुन्या अरुंद रुळांवरही अखंडच होती. परंतु पांच टनांच्या चार आंसांवर पोलादासकट वीसच टन मावतात, आणि कोट्याहून आलेला डबा तर मिरजेपलीकडे एक हातभरही सरकला नसता.