‘जागा तशी रिकामीच आहे’

आमच्या टीममधल्या एका मित्राला गेले सहा महिने उरुग्वेने झपाटलंय. समुद्रकाठचं छोटंसं गाव, घरून काम, पगार डॉलरमध्ये, संध्याकाळी लाटा. खर्चाची एक्सेल शीटही तयार आहे (इंजिनियर ना शेवटी!). "तिथे काहीच नाहीये रे, तेच तर पाहिजे," हे त्याचं पालुपद. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला, विरारहून लोकल पकड आणि डहाणूला जा. त्याने ते हसण्यावारी नेलं. मग गेल्या शनिवारी मीच गेलो.

डहाणू, घोलवड, बोर्डी. सुरूची झाडं, ओहोटीला दूरवर मागे जाणारा समुद्र आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. गंमत म्हणजे ज्या चिकूला २०१६ साली ‘डहाणू-घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तो मूळचा मेक्सिकोकडचा. म्हणजे मित्र जातोय त्या बाजूची झाडं कधीच इकडे येऊन स्थायिक झालीत :)

झाडं परदेशी, आणि त्यातल्या बऱ्याच वाड्यांचे मालकही एकेकाळी परदेशीच. इराणी! पारशी आणि इराणी हे आपण एकाच पिशवीत टाकतो, पण दोघांच्या येण्यात काही शतकांचं अंतर आहे. पारशी आधी आले, जवळच्या संजाणला. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये बारा वर्षं लपवून ठेवला, असं त्यांची परंपरा सांगते. तो डोंगर इथलाच. इराणी मात्र आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, यझ्द आणि केरमानकडून. तिथे झरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरियांना इराणला पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये शहाने तो कर रद्द केला. तरी हाल संपले नाहीत आणि माणसं येत राहिली. कोणी मुंबईत नाक्यावर चहाचं हॉटेल टाकलं, कोणी इकडे डहाणूकडे सरकलं, जमीन घेतली, वाड्या लावल्या.

इथपर्यंतची गोष्ट मला फार आवडली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस कष्ट करतो, बाग फुलवतो, वगैरे. लेख इथेच संपवणार होतो, खरं सांगतो.

पण संध्याकाळी एक जमिनीचा दलाल भेटला. (हो, मीही चौकशी करत होतो. एक्सेल शीट नव्हती इतकंच.) शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "ते बघू हो साहेब, जागा तशी रिकामीच आहे." त्या रिकाम्या जागेत एक झोपडी होती, कुडाच्या भिंतीची, दारात कोंबड्या.

वारली. इराणी यायच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारे. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, सारा रोख मागितला, कर्ज वाढलं आणि जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या. सावकार सगळ्या जातीधर्मांचे होते, हिंदू, मुसलमान, पारशी आणि इराणीसुद्धा. ज्याच्या आजाला यझ्दमध्ये जिझिया भरावा लागला, तो इथे वेठ घेत होता. ‘लग्नगडी’ हा शब्द ऐकलाय? लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि मग नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचंच नाही. शून्यावर कधीच न येणारं लूप! सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या सरकारी अहवालात हे लिहून ठेवलं. सरकारने तो वाचला असावा. असो.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरवून परतले. लग्नगडीही सुटले. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पाच जण गेले, त्यातला एक जेठ्या गांगड. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिली, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझ्या आईच्या कपाटात ते पुस्तक आहे. मी ते या रविवारी पहिल्यांदा उघडलं. आणि अनोश इराणींची ‘डहाणू रोड’ ही इंग्रजी कादंबरी (२०१०) तर इराणी जमीनदाराच्या नातवाची आणि वारली मजुराच्या मुलीची आहे. म्हणजे हा हिशेब इराण्यांच्या घरातूनही मांडला गेलाय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण याच इराण्यांपैकी काही जण नंतर या किनाऱ्यासाठी भांडले. औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध नर्गिस इराणी उभ्या राहिल्या. प्रकल्प झाला, पण १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. आपण जिला ‘शांतता’ म्हणतो ती अशी भांडून राखलेली आहे. आता वाढवणला प्रचंड मोठं बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. विरोधात मच्छीमार आहेत, वारली आहेत आणि बागायतदारही आहेत. १९४५ साली हे एका बाजूला उभे राहतील असं कोणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

सोमवारी कँटीनमध्ये मित्राला चिकू दिले आणि विचारलं, "तुझ्या त्या उरुग्वेत आधी कोण राहायचं रे?"

त्याने मोबाईल काढला. चारुआ नावाचे लोक. ११ एप्रिल १८३१ ला सरकारी सैन्याने त्यांना सालसिपुएदेसला बोलावून कापून काढलं. उरलेल्यांपैकी चौघांना १८३३ मध्ये पॅरिसला नेऊन लोकांना दाखवायला ठेवलं.

बराच वेळ तो वाचत होता. चिकू तसाच हातात.