पाच घरांचे मत

निवडणुकीची ड्युटी हा आम्हा शिक्षकांच्या नोकरीचा भागच झाला आहे. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वाळवा तालुक्यातील एका गावी मी मतदान अधिकारी होतो. मतदारयादीत एकाच आडनावाची पाने सलग येत होती; ती गावची मोठी भावकी. मग माळी, धनगर, बौद्ध वस्ती आणि मध्येच कुठेतरी मुलाणी, शिकलगार, आतार अशी पाच घरे. दुपारी गर्दी ओसरल्यावर एका पॅनेलचा प्रतिनिधी आपुलकीने म्हणाला, "सर, तुमची ती पाच घरं आपलीच आहेत." थोड्या वेळाने दुसऱ्या पॅनेलच्या माणसानेही हेच सांगितले. घरे तीच, हक्क सांगणारे दोन! त्या घरांना मात्र कुणी विचारले असेल असे वाटले नाही.

हे 'आपलीच' कुठून आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. जनावर हलाल करणे हे त्याचे काम आणि सुगीला मिळणारे धान्य हे त्याचे बलुते. अशा माणसाचे मत पाटलाच्या मतापेक्षा वेगळे असू शकते, ही कल्पनाच गावाला नव्हती.

इंग्रजांनी मत दिले ते जातधर्माच्या खुणेसह. 1909 साली मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. 1919च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी 7 जागा राखून ठेवल्या गेल्या. सत्यशोधक चळवळीने ढवळून निघालेल्या सातारा जिल्ह्यातील बहुजन शेतकऱ्याला आपल्या संख्येची ताकद याच काळात कळू लागली. मुसलमानाचे मत मात्र वेगळ्या पेटीत पडत होते. शेजारी एका बांधावर आणि मते दोन वाटांवर! 1946 साली मुंबई प्रांतातील सर्व 30 मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. पण तेव्हा मताचा हक्क मूठभरांनाच होता. आमच्या पाच घरांसारख्या कितीतरी घरांनी मतपेटी पाहिलीही नव्हती, आणि तरीही त्या निकालाचा ठपका मात्र सर्वांच्या माथी बसला.

1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्वांना एकच पेटी आणि प्रत्येकाला एक मत मिळाले. 1957 साली प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे साताऱ्यातून लोकसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मतदाराने पक्षाचे नाव वा उमेदवाराची जात एवढेच पाहिले नाही. गावकरी केवळ जातीवर मत देतो असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि सहकारी साखर कारखाने वाढले. जमीन व ऊस असेल तो सभासद, आणि सभासद असेल त्याच्या हाती सत्ता. मोठ्या भावकीतच दोन गट पडले आणि लहान जातींना कुठल्यातरी गटाच्या सावलीत उभे राहणे भाग पडले. सोसायटीचे कर्ज, डेअरीचे दूध, उसाची तोड हे सारे गटाच्या हाती. आमची पाच घरे मत देत ती धर्म पाहून नव्हे, तर या व्यवहाराकडे पाहून. त्यातही शिकलगार एका गटात, तर मुलाणी दुसऱ्या. मुसलमानांचे मत एकगठ्ठा असते असे शहरात बसून लिहिणाऱ्यांनी एकदा गावची यादी घेऊन बसावे. बेटीव्यवहारात आपापली जमात पाहणारे आपण मतपेटीपाशी तेवढे एक कसे होणार?

ही सावली काही काळ तरी सुरक्षित वाटली. कडेगावच्या मोहरमात हिंदू घराण्यांचेही ताबूत उठतात, गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. मिरजेतून 1999 आणि 2004 साली हाफिज धत्तुरे काँग्रेसतर्फे आमदार झाले. मुसलमान अल्पसंख्य असलेल्या मतदारसंघात ते हिंदू मतांशिवाय शक्य नव्हते. 2008च्या पुनर्रचनेत ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवातील अफझलखानाच्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली. अवघ्या दीड महिन्याच्या आत विधानसभेची निवडणूक झाली आणि मिरज व सांगली या दोन्ही जागा भाजपने जिंकल्या. जिथे गटाचे गणित चालत होते तिथे धर्माचे गणित मांडले गेले. दंगल हे या निकालाचे एकमेव कारण नसेल, पण तिची आठवण मतपेटीपर्यंत गेली नाही असे कोण म्हणेल?

10 सप्टेंबर 2023 रोजी खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. एक तरुण मारला गेला. हे वाचताना मला 1948 आठवले. गांधीहत्येनंतर याच सातारा-सांगलीच्या गावांतून ब्राह्मणांची घरे जळाली आणि अनेक कुटुंबांनी गाव कायमचे सोडले. तेव्हा पाच घरे त्यांची होती. अल्पसंख्य असणे ही केवळ आपल्या धर्माची गोष्ट नाही; गर्दी ज्याला 'आपला' म्हणणे थांबवते तो त्या दिवशी अल्पसंख्य होतो.

म्हणून मला वाटते, स्वतंत्र पेटीचा मार्ग जसा आपल्याला घातक ठरला, तसाच गटाच्या सावलीत मुकाट उभे राहण्याचा मार्गही पुरेसा नाही. ओबीसी आरक्षणामुळे पंचायतीत आपल्या बागवान, आतार, मुलाणी भगिनीही निवडून येऊ लागल्या. ही वाट माळी, धनगर, कुंभार यांच्या सोबतीची आहे आणि ती धरली पाहिजे. आणि मत मागायला जो कुणी उंबऱ्यावर येईल, त्याला चहा देऊन एवढेच विचारावे : "पाटील, गल्लीत दगड आला तर तुम्ही कुठं उभे राहणार?" ज्याला उत्तर देता येईल, पाच घरे त्याची.