बिदरी काम

जस्तात अल्प तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यांवर नक्षी कोरावयाची, कोरलेल्या चरांत चांदी ठोकून बसवावयाची आणि अखेरीस भोवतालचा धातू काळाभोर करावयाचा, अशी दख्खनची धातुकला. बीदर हे तिचे माहेर. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले तख्त गुलबर्ग्याहून तेथे हलविले, आणि त्यांच्याच आश्रयाने ही कला रुजली अशी परंपरा आहे. मात्र आज उपलब्ध असलेले जुने नमुने सतराव्या शतकापासूनचे आहेत. हुक्क्यांची बुडे, पानदाने, सुरया व पिकदाण्या हा दरबारी सरंजाम तिने घडविला.

मिश्रणात साधारणतः सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असते. वाळूच्या साच्यात ओतलेले भांडे कानशीने गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्यायोगे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व कारागिराच्या सुईची रेघ पांढरी उमटून स्पष्ट दिसते. या रेघांवरून छिन्नी चालवून चर पाडतात. त्यांत तार बसविली तर ‘तारकशी’ आणि खोल कोरलेल्या जागी पत्रा बसविला तर ‘तहनिशान’ म्हणतात.

यानंतर भांडे पुनश्च घासले की आरंभीचा काळेपणा निघून जातो, आणि चांदी व जस्त यांचा वर्ण इतका सारखा असतो की अनेक दिवसांच्या श्रमांची नक्षी जवळजवळ अदृश्य होते. तिला दृश्य करणारा अंतिम संस्कार हाच या कलेचा खरा प्राण होय. बीदरच्या किल्ल्यातील, ऊनपावसापासून वर्षानुवर्षे अलिप्त राहिलेल्या जागेची माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापवितात व किंचित ऊन केलेले भांडे तीत घालतात. अल्पावधीतच मिश्रधातू काळा पडतो, चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. मुरादाबादेच्या पितळी कामात कोरीव भाग रंगीत लाखेने भरतात आणि जयपूरच्या मिनाकारीत काचरंगाने. येथे खोदलेल्या जागी रंग न भरता उरलेल्या पृष्ठासच रंग चढवितात, हे बिदरीचे वैशिष्ट्य आमच्या मते तिच्या नक्षीहूनही अधिक मोलाचे आहे. काळेपणा आणणाऱ्या किल्ल्यातील मातीची पारख वाकबगार कारागीर जिभेवर चव घेऊन करतात.

हैदराबाद व औरंगाबाद येथेही हे काम होते.

जस्ताच्या ठिसूळपणामुळे ही भांडी उंचावरून पडल्यास तडकतात. काळ्या भागाचे तेज मंदावल्यास खोबरेल तेलाचा हात फिरविल्याने ते परत येते. चिंच, लिंबू यांसारख्या आंबट पदार्थांनी ती कदापि घासू नयेत.