खांबाला मागची बाजू असते

टांगा कोल्हापुरात पापाच्या तिकटीलाच सोडा. इथून पुढं पायीच जायचं. साल १९२२च्या आसपासचं धरा, दिवस थंडीचे. ऊस तुटलाय, गुऱ्हाळं पेटलीत आणि वाऱ्यावर उकळत्या रसाचा गोड वास येतोय. त्यात कमावलेल्या चामड्याचा वास मिसळलाय, कारण दोन्ही बाजूंना चपलांची दुकानं आहेत आणि लाकडी हातोड्यांची ठोकाठोक थांबायचं नाव घेत नाही. तालमीतून सुटलेले चार पैलवान समोरून येताहेत, अंगावर लाल माती, वाट अडवून. "पावणं, सरका की वाईच!" सरका. त्यांच्याशी हुज्जत नको.

आता बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आवारात शिरा. नाक मुरडू नका, तो सरस शिजतोय. रंध्याखाली लाकडाच्या ढलप्या उडताहेत, कुणी कापडाला रंग फासतोय. शांताराम नावाचा विशीतला पोरगा पडेल ते काम उचलत इकडून तिकडं पळतोय. त्याच्या वाटेत येऊ नका, पुढं त्याला हिंदुस्थान व्ही. शांताराम म्हणून ओळखणार आहे. कोपऱ्यात यंत्र उघडून बसलेत ते दामले, शेजारी फत्तेलाल. या कंपनीचा पहिला कॅमेरा विलायतेहून आलेला नव्हता. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव यांनी तो इथंच घडवायला घेतला. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी ते तडीला नेलं आणि त्यानंतर 'सैरंध्री' हा सिनेमा आला.

वर पांढरं कापड ताणलंय, त्यातून ऊन गाळून खाली येतं. तरी मानेवरून घाम ओघळतोच. समोर राजवाडा उभा आहे. जा, त्या खांबाला हात लावून बघा. हाताला गोलाई लागते ना? आता खांबाच्या मागं जा. नाटकातला राजवाडा म्हणजे रंगवलेला पडदा, त्याला मागची बाजू नसायची. हे दोघे भाऊच तर गाजलेल्या नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, पडदा किती फसवा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून बाबूरावांनी सिनेमातून पडदा काढला आणि पात्रांना हिंडता येईल, टेकता येईल अशी भरीव वास्तू उभी केली. हे चित्रकाराचं डोकं नव्हे, शिल्पकाराचं आहे असं मला ठामपणे वाटतं. आपण त्यांना सिनेमावाले म्हणून लक्षात ठेवलं आणि त्यांच्या हातातली माती विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं.

ते बघा, बाबूराव. शाळेत जाऊन ही कला शिकलेले नाहीत. बोलणं कमी. एका कमानीपाशी थांबतात, अंगठ्यानं कड दाबतात, मान हलवतात. सुताराला समजतं. तो कमान पुन्हा फोडतो.

डोळे मिटा, उघडा. १९४५. कंपनीतली मंडळी केव्हाच पांगली. दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 'प्रभात' ही नवी फिल्म कंपनी काढली. बोलपट आले. बाबूरावांचे केस पिकलेत आणि आज खोलीत फक्त ओल्या मातीचा वास आहे. बाहेर रस्ता तापलाय, म्हणून मातीवर भिजवलेली फडकी टाकलीत. एकदा का माती सुकून तडकली की महिन्याची मेहनत वाया. बादली उचला, फडक्यांवर पाणी मारा. गार ओलावा कोपरापर्यंत चढतो.

फडकं बाजूला होतं. शिवाजी महाराज, छातीपर्यंत. नाकाची रेघ उतरलीय, गाल अजून व्हायचेत. बाबूराव बोटभर गोळा लावतात, दोन पावलं मागं जातात, पुन्हा येतात आणि तोच गोळा खरवडून काढतात. असं किती वेळा चालतं! तुमचे पाय भरून येतात, त्यांचे येत नाहीत. ही नुसती माती आहे. यावर प्लास्टरचा साचा चढायचाय, मग धातू. पण चेहरा ठरतो तो आत्ता, या अंगठ्याखाली.

आता थेट चौकात चला. जिथं गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, तिथं हा अर्धपुतळा बसलाय. सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी त्यासाठी जिवाचं रान केलंय. गर्दी एवढी की तुमचे दोन्ही हात अंगाला चिकटलेत. झेंडूचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी फेट्याचं टोक डोळ्यात. जयजयकारानं कानठळ्या बसतात. पुढचा म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन टाचा उंचावतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "कुणी क्येलाय ह्यो?"

"आपल्या बाबूरावांनी की! दुसरं कोण करतंय?"