घाटातला तांबडा पट्टा आणि आपली विहीर



दोन वर्षांमागं वराळ्याच्या रानात बोअर मारली. वरच्या चाळीस फुटांत मुरमात ओल लागली होती. ती केसिंग पाइपनं बंद करून तीनशे वीस फुटांपर्यंत गेलो. खाली नुसती काळी पूड. पैसा गेला. परवा जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरताना रस्त्यासाठी कापलेला डोंगर नीट बघितला आणि चूक कळली.

त्या कापात खाली घट्ट काळा पाषाण. त्यावर भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. मग तांबडा गेरूचा पट्टा, आणि वर पुन्हा काळा पाषाण.

ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. जमिनीला भेगा पडून लाव्हा आला, पसरला, थंड झाला. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, ती भोकं. पुढं पाण्यातले क्षार त्यात साचले, ते पांढरे ठिपके. मग बराच काळ लाव्हा आलाच नाही. ऊन-पावसानं खडक कुजून माती झाली. तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती गाडली, भाजली गेली. म्हणजे तो तांबडा पट्टा त्या काळची जमीनच!

असे थर एकावर एक चढून आपले डोंगर पायऱ्यांसारखे झाले. शास्त्रज्ञ याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. कार्ल्याची लेणी याच खडकात कोरली. १८५६ ते १८६३ या काळात घाटातल्या रेल्वेसाठी सुरुंग लावून फोडला तोही हाच.

आता आपल्या कामाचं. घट्ट पाषाणात पाणी फक्त चिरांत असतं. मुरमात आणि कुजलेल्या ठिसूळ खडकात ते मुरतं. गेरू चिकणमातीसारखा, पाणी सहज खाली सोडत नाही. वरचं पाणी त्याच्यावर अडून आडवं पाझरतं. म्हणून पावसाळ्यात कापात त्या रेषेवर ओल दिसते. गेरू झिजला की वरचा पाषाण अधांतरी राहतो, तिथं दरडीचा धोका असतो. पावसाळ्यात तिथं गाडी लावू नका.

आम्ही मुरमातलं पाणी पाइपनं बंद केलं आणि कोरड्या पाषाणात शोधत बसलो. यंदा जुनी विहीरच साफ करून वरच्या अंगाला चर खणलेत.

थर प्रत्येक शिवारात वेगळ्या खोलीवर असतात. म्हणून खर्च करण्याआधी जवळचा रस्त्याचा काप, ओढ्याची दरड, शेजाऱ्याची विहीर बघून घ्या. तुमच्या विहिरीत गेरू किती फुटांवर लागला, ते खाली लिहा.